नायगारा पाहायला

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. मावशीला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली आहे. मावशी ब्याऐंशी वर्षांची. पूर्वी ऐंशी ओलांडलेल्यांचं काम मुलाखतीशिवाय, नुसते कागद पेटीत टाकून व्हायचं. २ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने ही सवलत बहुतेकांसाठी काढून घेतली. आता चौदाच्या आतली पोरंही खिडकीपुढे आणि ऐंशीच्या आज्याही खिडकीपुढे. तर मावसभाऊ म्हणाला, "तुम्ही तेव्हा ज्या एजंटकडे गेला होता ना, त्याचा नंबर दे. आईला जरा तयार करून घेतो."

नंबर दिला नाही. अर्धा तास वाद झाला. तो म्हणाला, तुझं काम झालं नाही म्हणून तू चिडलेला आहेस. खरं आहे, चिडलेलो आहे. पण कोणावर, ते त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितो. आपल्या नात्यातच अजून चार-पाच घरं आहेत जिथे लेक किंवा मुलगा तिकडे आणि आईबाप इकडे, तेव्हा ही पाळी प्रत्येकावर येणारच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग शिव्या द्यायच्या त्यांनी द्या. आईबापांना व्हिसाच्या मुलाखतीसाठी 'तयार' करणं बंद करा. त्यात त्यांचा अपमान आहे, आणि तो अपमान वकिलात करत नाही, आपण करतो. वर पैसे देऊन करून घेतो.

आता झालं काय ते सांगतो. २०१९ ची गोष्ट. धाकटी बहीण न्यू जर्सीत, जानेवारीत बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत. लेकीला येता येत नव्हतं, म्हणून माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे आई, आणि आईसोबत डिंक, अळीव, शेपा आणि काय काय. आईने यादी दिवाळीआधीच करून ठेवली होती.

पिंपळगाव राजाहून पासपोर्टचा रस्ता पूर्वेला जातो आणि व्हिसाचा पश्चिमेला. पासपोर्ट नागपूरचा, म्हणजे तीनेकशे किलोमीटर. व्हिसा मुंबईचा, म्हणजे पाचशेच्या वर. पासपोर्टचं काम मात्र आम्ही समजत होतो त्यापेक्षा सोपं झालं. आईकडे जन्माचा दाखला नाही. तिचा जन्म १ जूनचा, गुरुजींनी लावलेला. तिच्या वयाचं अर्धं गाव १ जूनलाच जन्मलेलं आहे :-) पण डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले होते, जन्मतारखेसाठी आधार, पॅन असली कागदपत्रंही चालू लागली होती. त्यामुळे नागपूरला जाऊन, बोटांचे ठसे देऊन, पोलीस पडताळणी होऊन पासपोर्ट घरी आला. तिथेच आम्ही शहाणे झालो असतो तर! कागद जसे होते तसे दाखवले, जे खरं ते सांगितलं, काम झालं. पण व्हिसाचं नाव काढलं की आपल्याला वाटतं, हे काहीतरी वेगळं, इथे युक्ती लागते.

म्हणून एजंट. कुठला, कोण, ते लिहीत नाही. एकच एक माणूस नाही तो, गल्लोगल्ली आहे. त्याने अमेरिकेचा अर्ज, तो डीएस-१६०, आमच्यासमोर भरला. फॉर्म इंग्रजीतच भरायचा असतो, त्यामुळे आई खुर्चीवर बसून पंख्याकडे बघत होती आणि तिच्याबद्दलचे प्रश्न आम्ही दोघे सोडवत होतो.

एक प्रश्न असा की यापूर्वी तुम्ही दुसरं कुठलं नाव लावलं आहे का? आईचं माहेरचं नाव वेगळं, आडनाव वेगळं. लग्नात नाव बदललेलं, आपल्याकडच्या कितीतरी बायकांसारखं. एजंट म्हणाला, "नाही लिहा. भानगड नको." सतरा-अठरा वर्षं ज्या नावाने तिला हाका मारल्या ते एका क्लिकमध्ये गेलं.

भेटीचं कारण? "बाळंतपण लिहू नका. तिकडे मोलकरीण म्हणून ठेवून घेतील असं वाटतं त्यांना. पर्यटन लिहा. नायगारा."

शेवटी एक प्रश्न येतो, हा अर्ज भरायला तुम्हाला कोणी मदत केली का? तिथेही त्याने 'नाही' केलं. म्हणजे स्वतःलाच खोडून टाकलं! माझ्यासमोर, माझ्याकडून पैसे घेऊन. मला तेव्हा हसू आलं होतं, आज येत नाही. कारण त्यानंतर 'वरील सर्व माहिती खरी आहे' असं अर्जदाराने स्वतः कबूल करून बटण दाबायचं असतं. ते बटण आईने दाबलं नाही. ते मी दाबलं.

मग तीन आठवडे तयारी. चाळीस प्रश्नांची छापील यादी. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून झाला की आई खुर्चीवर आणि मी समोर, अधिकारी. व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट? "टुरिजम." हाऊ लाँग विल यू स्टे? "शिक्स वीक्स." घरात दोन-चार एकर शेती, स्वतःचं घर, पंचक्रोशीत शब्दाला किंमत असलेली बाई शाळकरी पोरीसारखी पाठ करत होती. चुकली की मी रागवायचो. हो, रागवायचो.

नोव्हेंबरात नांदुऱ्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. मुलाखतीच्या आधी वेगळ्या केंद्रात ठसे आणि फोटो होतो. कापूस वेचून आणि भांडी घासून झिजलेली बोटं, दोन-तीनदा पुसून पुसून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी मुलाखत. सोबतच्याला आत जाता येत नाही, मोबाईल नेता येत नाही. मी बाहेर फुटपाथवर. आसपास माझ्यासारखे वीस-पंचवीस जण, सगळ्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि तोंडावर दहावीच्या निकालाची कळा.

दीड तासाने आई बाहेर आली. हातात पासपोर्ट आणि एक कागद. पासपोर्ट हातात म्हणजे काय ते बाहेरच्या सगळ्यांना कळतं. व्हिसा मिळाला तर पासपोर्ट आत राहतो.

आत काय झालं ते तिने परतीच्या गाडीत सांगितलं. खिडकीतली गोरी बाई मराठी बोलत होती. (बोलतातच. मुंबईत मुलाखत मराठीत, हिंदीत, गुजरातीत देता येते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण एजंट म्हणाला होता की इंग्रजीत बोललं की इम्प्रेशन पडतं.) तिने नमस्कार केला, विचारलं, अमेरिकेला कशाला चाललात?

आई म्हणाली, "टुरिजम."

बाई म्हणाली, मराठीत सांगितलं तरी चालेल.

"नायगारा पाहाले."

नायगाऱ्याला काय आहे?

"पाणी."

बाई हसली म्हणे. चांगलं हसली, आईला आवडली ती. मग तिने विचारलं, मुलगी तिकडेच असते ना? तिला बाळ होणार आहे का?

प्रश्न यादीत होता. उत्तरही होतं.

आई म्हणाली, "नाही."

गाडी कसारा चढेपर्यंत आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले काहून खोटं बोलाले लावलं?" मी काहीतरी समजूत घालू लागलो, पुन्हा अर्ज करू वगैरे. ती म्हणाली, "व्हिसा गेला चुलीत. लेकीच्या पोटात लेकरू हाये अन् म्या नाही म्हटलं. असं म्हणते का कोनी?"

याच्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता कायद्याकडे वळतो, कारण मावसभावाला वाटतं मी नुसता भावनेच्या भरात बोलतोय. नाकारताना जो कागद देतात त्यावर कलम असतं २१४ (बी). हा अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशनचा कायदा. त्यात म्हटलं आहे की व्हिसा मागणारा प्रत्येक परका माणूस तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. (एच-१बी सारखे थोडे प्रकार त्यातून वगळलेले आहेत, आईबापांचा व्हिसा नाही.) चोरावरचा आरोपही सरकारला सिद्ध करावा लागतो. इथे उलटं. दोन-तीन मिनिटांत, काचेच्या आड उभं राहून, मी परत येणारी बाई आहे हे सिद्ध करायचं. का नाकारलं ते त्या कलमाच्या छापील मजकुरापलीकडे सहसा कळत नाही. अपील नाही. कोर्टात दाद नाही म्हटलं तरी चालेल. जून २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका अमेरिकन नागरिक बाईला, तिच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला म्हणून, दाद द्यायला नकार दिला. बायकोची ही गत तर आईचं कोण विचारतो. फी तेवढी जाते. तेव्हा १६० डॉलर होती, जून २०२३ पासून १८५ झाली. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात व्हिसा मिळालेल्यांकडून वर २५० डॉलर घेण्याची तरतूद आहे.

हा कायदा मला वाईट वाटतो, आणि तसं म्हणायला मी लाजत नाही. पण माझी तक्रार आज त्याच्याशी नाही. तो बदलणं माझ्या हातात नाही, मावसभावाच्याही नाही. तो काय म्हणतो ते नीट वाचणं मात्र आपल्या हातात आहे, आणि एवढे इंजिनियर घरात असून ते कोणी करत नाही.

वाचलं असतं तर तीन गोष्टी कळल्या असत्या. पहिली, लेकीला भेटायला जाणं, नातवाचं तोंड पाहायला जाणं हे याच पर्यटक व्हिसाच्या कारणांत बसतं. पगार घेऊन काम करायचं नाही, एवढंच. लेकीजवळ बसणं म्हणजे नोकरी नव्हे. दुसरी, २१४ (बी) खाली नकार मिळाला तर तो त्या दिवसापुरता असतो, पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. पण त्याच कायद्यात २१२ नावाचं एक कलम आहे, आणि त्यात लिहिलंय की व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं सांगितलं तर प्रवेशाला कायमची बंदी. सूट मागता येते, पण ती मिळाली तर मिळाली. म्हणजे 'भानगड नको' म्हणून जे खोटं लिहिलं तीच सगळ्यात मोठी भानगड. आणि ती एजंटच्या डोक्यावर नाही, त्याचं नावच अर्जात नाही. ती आईच्या डोक्यावर. आम्ही तिला काय दरीच्या तोंडाशी उभं केलं होतं हे मला दोन वर्षांनी कळलं, तेव्हा हातपाय गार पडले.

तिसरी गोष्ट अशी की अधिकारी मूर्ख नसतो. ज्या खिडकीपुढे अख्ख्या महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून रोज आईबाप येऊन उभे राहतात, त्या खिडकीत बसलेल्या माणसाने 'नायगारा' किती वेळा ऐकला असेल? सत्तरीची बाई, दिवस भरत आलेली लेक, हिवाळ्याचे दिवस, आणि म्हणे धबधबा पाहायला. मी त्या खिडकीत असतो तर मीही नाही म्हटलं असतं.

मावसभावाचं पहिलं म्हणणं, "एजंटमुळे लोकांचं काम होतं, मी दहा उदाहरणं दाखवतो." दाखव. नवस बोलल्यावर पास झालेल्या मुलांची मी वीस दाखवतो. ज्यांचं काम झालं त्यांचं खोटं बोलूनही झालं असेल, खोटं बोलल्यामुळे झालं हे कोणी सांगावं?

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. "खरं बोलणाऱ्यालाही नाकारतात." नाकारतात. मान्य. माझ्या ओळखीत आहेत असे. शेती आहे, घर आहे, तीन मुलं इथे आहेत, तरी नाही. तिथे माझ्याकडे तोडगा नाही. पण मग घरी येताना ती बाई 'त्यांनी नाही म्हटलं' असं म्हणत येते. 'मी नाही म्हटलं' असं म्हणत नाही. आमच्या आईने सहा वर्षं जे डोक्यावर वागवलं ते ओझं तिच्या डोक्यावर नसतं.

आणि ते फाईलचं प्रकरण! सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, सोन्याची पावती, सरपंचाचा दाखला, दोन किलोची फाईल करतो आपण. आईच्या फाईलीतला एक कागदही कोणी मागितला नाही. तिचं गावाशी नातं कशाने बांधलेलं आहे हे सातबाऱ्यात कुठे आहे? महिन्या-दोन महिन्याला शेगावला जाणं, गजानन महाराजांच्या प्रगटदिनाचा स्वयंपाक, शेजारच्या पोरांचे वाढदिवस, पोळ्याला बैलांच्या अंगावर स्वतःच्या हाताने टाकायची झूल. "दोन महिन्यांवर मी तिथे राहूच शकत नाही, जीव गुदमरते," हे ती आल्यागेल्याला सांगते. तेच खिडकीत सांगितलं असतं तर! पण ते चाळीस प्रश्नांच्या यादीत नव्हतं.

या सगळ्याची मुळं खोल आहेत बहुतेक. फॉर्ममध्ये काय लिहिलं याला आपण खरं-खोटं मानतच नाही, ते 'भरणं' असतं. डिसेंबर २०१३ आठवा. न्यूयॉर्कमधल्या आपल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. मराठी घरांत तर विशेष संताप. ज्या पद्धतीने अटक आणि झडती झाली तिच्याबद्दलचा राग योग्यच होता, माझाही होता. दिल्लीत अमेरिकन दूतावासासमोरचे अडथळे सरकारने उचलून नेले. पण आरोप काय होता? घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात पगार एक लिहिला आणि प्रत्यक्षात कमी दिला, असा. तो खरा की खोटा हे कोर्टात शेवटपर्यंत तपासलं गेलंच नाही, राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर त्या परत आल्या. तेव्हा खटल्याचा निकाल माझ्याकडे मागू नका. मला आठवतात त्या आमच्या ओट्यावरच्या गप्पा. फॉर्मवर असं लिहिलं असेल तर त्यात एवढं काय, सगळेच लिहितात, असं दहापैकी नऊ जण म्हणाले. दहावा मी नव्हतो.

पुढचं थोडक्यात. भाचा जानेवारी २०२० मध्ये झाला. पुन्हा अर्ज करू म्हणेपर्यंत मार्च आला, आणि वकिलातींनी मुलाखतीच रद्द केल्या. इकडे भारतानेही मार्चमध्ये परदेशी नागरिकांचे व्हिसा आणि ओसीआय कार्डवरचा प्रवेश थांबवला होता. आईबाप भारतीय पासपोर्टवाले आणि कडेवरचं पोर अमेरिकन, अशी कितीतरी कुटुंबं 'वंदे भारत'च्या विमानात चढू शकली नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस आपल्या सरकारने अशा मुलांना सूट दिली. तेव्हा काचेमागचा अधिकारी काही फक्त त्यांचाच नसतो. बहीण एच-१बी वर होती, व्हिसाचा शिक्का संपलेला. एकदा आली असती तर परत जायला मुलाखत कधी मिळाली असती कोण जाणे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी जवळजवळ हजार दिवसांची वाट दाखवत होते.

आईने नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते २०२३ मध्ये, इथे, आमच्या ओसरीवर. तो तीन वर्षांचा झाला होता आणि मांडीवर बसायला तयार नव्हता. तो तिला 'फोनवाली आजी' म्हणायचा.

त्यानंतर बहीण दर वर्षी म्हणते, आई, आता कर अर्ज, मी इथून फॉर्म भरते, सगळं खरं लिहू, मागच्या वेळचंही खरं सांगू. आई करत नाही. "त्याईच्या कम्प्युटरात माहं खोटं लिहेल हाये," म्हणते. मी समजावत नाही. मला तो अधिकार राहिलेला नाही.

असो. फोनवर वाद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीचाच फोन आला. भाऊ काही बोललेला दिसत होता. कान कमी ऐकू येतात, त्यामुळे ओरडूनच बोलते.

"काय रे, तिथं मराठीत बोलता येते का?"

म्हटलं, येते.

"नातीच्या लग्नाले चालली म्हनून सांगू?"

म्हटलं, चालली ना लग्नाले? मग तेच सांग.

मावशी जरा थांबली.

"अन् लुगडं चालते का?"

चालते म्हटलं.